नेव्हीच्या अर्जावर बापाची सही

मार्गशीर्ष वद्य पंचमी, गुरुवार, भूम

आज फार थकलो. मुक्ता बारावीत आहे, अजून अठराची नाही. म्हणून नेव्हीच्या अर्जाला बापाची संमती लागते. संध्याकाळपासून अर्ज टेबलावर आहे. सहीची जागा रिकामी.

"नेव्हीच का गं? आर्मी काय वाईट?"

"बाबा, पेपरात मुलींच्या करिअरवर लेख तुम्हीच लिहिलाय की! आर्मीला चार ओळी, एअर फोर्सला सहा, अन् नेव्हीला अर्धा रकाना."

आता काय सांगू? त्या दिवशी जाहिरात आली नाही, पानावर जागा उरली, म्हणून मी समुद्र वाढवला. संस्कृत शिकल्यामुळं समुद्राला डझनभर नावं येतात. ती सगळी खपवली. प्रत्यक्षात समुद्र पाहिलेला नाही. आणि तिथं पोरगी पाठवायची?

बायको म्हणाली, "लोकांच्या पोरींना लई सल्ले दिले. आता?"

शेवटी खरं सांगून टाकलं. मुक्ता हसली. "लेख वाचून ठरवलं न्हाय बाबा. माझं आधीच ठरलं होतं. तुम्हाला न्हाय म्हणता येऊ नये म्हणून लेख पुढं केला."

सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि थांबलो.

"भीती वाटती व्हय?"

"छे. पेन चालत नाही."

तिनं दुसरं पेन आणून दिलं.