मॅटिल्डाचा कणा

२ सप्टेंबर, सकाळ.
तो आवाज अजून कानात आहे. एकोणसत्तर साली वडिलांनी मॅटिल्डा अंगणात आणली, आठ सिलिंडरांचं इंजिन आधी घुर्र आणि मग ढम्म करून गुरगुरलं. शाळेत मिस हॉलोवेंच्या तासाला पाठ केलेल्या साऱ्या कविता त्या क्षणी फिक्या पडल्या. (नंतर पुन्हा रंगल्या.)
हल्ली रेल्वे फाटक ओलांडताना मॅटिल्डा कण्हते. या गाडीला खाली सलग चासी, म्हणजे पोलादी सांगाडा, नाही. पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा, मध्ये नुसता पत्रा. बिस्किटाचा डबाच.
चौदाला नात कॅसिडीचं लग्न. नवरीला घरून चर्चपर्यंत मॅटिल्डातून मीच नेणार. ती बालवाडीत होती तेव्हा शब्द दिलाय. त्याआधी मॅटिल्डाचा कणा ताठ करणार. संकल्प: रोज सहाला उठणे.

३ सप्टेंबर, साडेनऊ.
उठलो. दोन लांब पोलादी नळ्या आल्या. पुढचा तुकडा मागच्याला जोडायचा, वेल्डिंग मारायचं. लहान मुलाचं काम. उद्यापासून.

५ सप्टेंबर.
शेजारचा रॉइस कुंपणावरून डोकावला. याला विचारलं कोणी? म्हणतो, "डेल्बर्ट, गाडी चाकांवर उभी ठेवून वेल्डिंग कर. पुढे-मागे लोखंडी घोड्या लावून टांगलीस तर मधलं पोट लोंबेल, आणि लोंबलेलंच जोडून बसशील."
मी म्हटलं, चाकांवर ठेवली तर खाली शिरू कसा?
"पोट कमी कर. तुझं म्हणतोय."
काव्यप्रेमी माणसाने असल्यांशी वाद घालू नये. घोड्या लावल्या.

७ सप्टेंबर.
वेल्डिंग. ठिणग्यांना एक लय असते. गाडीखाली पडल्या पडल्या दोन ओळी सुचल्या:
वाकोत रस्ते, वाको ही वाट,
माझ्या कण्या, तू राहा ताठ!
मोठ्याने म्हटल्या. आर्लीनने स्वयंपाकघरातून विचारलं, पाठीच्या डॉक्टरला फोन लावू का? पन्नास वर्षांच्या संसारात बायको कवितेत रमली नाही.

८ सप्टेंबर.
काम फत्ते. मॅटिल्डा चाकांवर उतरवली. दारं उघडत नाहीत. दोन्ही.
म्हणजे किती ताठ झाली पाहा! ढिल्या गाडीची दारं कोणीही उघडेल.

९ सप्टेंबर.
खिडकीतून शिरायला शिकलो. शर्यतीतले ड्रायव्हर असेच शिरतात. (बाहेर यायला जरा वेळ लागतो. आर्लीनने पाय ओढले.) फाटकावरून फेरी मारली. कण्हणं बंद! फक्त मी कण्हलो.

११ सप्टेंबर.
आर्लीन म्हणे, "नवरीच्या झग्याचा तो एवढा घेर खिडकीतून शिरणार कसा?"
म्हटलं, कापड लवचीक असतं.
"हो ना. तू सोडून सगळंच लवचीक असतं. मी रॉइसला गाडी घेऊन यायला सांगितलंय."
रॉइसला! कॅसिडीला म्हणे काही बोलायचं नाही, पोरीला आधीच ताण आहे. खिम्याचा मीटलोफ घशाखाली उतरेना. नंतर दोन तुकडे उतरले.

१३ सप्टेंबर.
साबण लावला. तेल सोडलं. गुडघा मारला. गुडघ्याला बर्फ लावला. रॉइस म्हणाला, "नळ्या कापून देऊ?" मी म्हटलं, दारं मोसमी आहेत, थंडी पडली की उघडतील. संकल्प: उद्या पहाटे उघडणार.

१४ सप्टेंबर, दुपार.
पहाटे झोप लागली होती.
सगळे चर्चला गेले. रॉइसच्या गाडीने कॅसिडीलाही नेलं. मी मागून येतो म्हटलं. सूट घालून खिडकीतून शिरलो, कोटाची उसवलेली शिवण बाहेरच्या आरशापाशी ठेवून आलो. पण नवरीविना चर्चच्या दारात जाणं मॅटिल्डाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हणून गॅरेजातच बसलोय, काच वर करून. डोळ्यांतून पाणी येतंय ते वेल्डिंगच्या धुरामुळे. वेल्डिंग मागच्याच आठवड्यात संपलं, पण धूर चिवट असतो.
कोणीतरी गाडीचं दार ठोठावतंय. रॉइस परत आला असेल, टोमणा मारायला. बघणारच नाही.
बघितलं.
कॅसिडी! नवरीच्या वेषात, झगा गुडघ्यांपर्यंत खोचलेला, सँडल हातात. काचेतून ओरडतेय, "आजोबा, रॉइसकाकांच्या गाडीतून सिग्नलला उतरून पळत आलेय! तिकडे सगळे खोळंबलेत. लवकर सांगा, तुम्ही बाहेर येताय की मी आत येऊ?"
काच खाली करतोय.