सात शाबूत सिलिंडर

४ मार्च, सकाळी ९
आजपासून अग्निसुरक्षा माझ्याकडे. फर्निचरचा कारखाना, सत्तावीस माणसं, आग विझवायचे सात सिलिंडर. साहेब म्हणाले, स्टोअर सांभाळून हेही बघा. म्हणजे विश्वास आहे. रोज नोंद ठेवायची. त्रोटक, पण रोज.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, मग आधी आमच्या धाकट्याकडे बघा, दिवसभर थिनरच्या वासात बसतो. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आमच्याकडेच पॉलिशला आहे. त्याच्यासारखा हात कुणाचा नाही, असं साहेबही म्हणतात. तिला शब्द दिला.

५ मार्च
पाहणी. एक सिलिंडर दार उघडं राहावं म्हणून लावलेला. एकावर कुणाचा तरी ओला बनियन. सगळे जागच्या जागी टांगले. दाबाचे सातही काटे हिरव्यात. समाधान वाटलं.

११ मार्च
एका ट्रक ड्रायव्हरने गंमत म्हणून पिन ओढली आणि दांडा दाबला. फोरमनच्या डब्यात पांढरी पावडर. फोरमन म्हणाला, मीठ कमी आहे म्हटलं होतं, पण एवढं नको. सगळे हसले. मी हसलो नाही. साहेबांनी केबिनमध्ये मलाच बोलावलं.

१२ मार्च
उपाय सापडला. प्रत्येक पिन दुहेरी तारेने आवळली, गाठीवर शिशाचं सील. उघडायला पक्कड लागेल. पक्कड माझ्या टेबलाच्या खणात, खणाची किल्ली माझ्या खिशात. रिकामा झालेला भरून आला की त्यालाही तेच.

म्हातारा सुतार म्हणाला, बंबवाले, तुमची किल्ली सापडेपर्यंत आग थांबेल ना? म्हटलं, मी असतो की. तो म्हणाला, आणि मुतायला गेलात तर? असल्या माणसाशी वाद घालू नये.

१९ मार्च
प्रात्यक्षिक. एक तरी खरा सिलिंडर चालवू द्या, अशी सुताराची भुणभुण. नाही म्हटलं. पावडर वाया जाते, सील तुटतं. थर्मास घेऊन शिकवलं. पाठ दाराकडे. पिन ओढा. नळी ज्वाळेच्या बुडाशी. दांडा दाबा. इकडून तिकडे फिरवा. धाकट्याला सगळ्यांत छान जमलं. म्हणाला, भाऊजी, ताईला सांगा, मी पास झालो. सांगितलं. तिला बरं वाटलं.

२ एप्रिल
संकल्प: दुसरी पक्कड आणून पॉलिश विभागात टांगणे. सोमवारी.

९ एप्रिल
सोमवारी साठा मोजायचा होता. पक्कड काय पळून जाते?

१६ एप्रिल, संध्याकाळ
अकरा चाळीसला पॉलिश विभागात आग. थिनरच्या चिंध्यांचा डबा पेटला. मी तेव्हा मागच्या गोदामात साहेबांच्या पाहुण्यांना सिलिंडर दाखवत होतो. ओरडा ऐकून धावलो. टेबल गाठलं, किल्ली लावली, पक्कड काढली. फार तर चार मिनिटं.

धाकट्याने शिकवलं तस्संच केलं, असं सुतार सांगतो. पाठ दाराकडे. पिन ओढली. पुन्हा ओढली. तार दातांनी तोडायला बघितली. शेजारी थिनरचे चार ड्रम होते. मग त्याने सिलिंडर खाली ठेवला, पेटता डबा दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर आवारात नेला.

हात भाजले. कोपरापर्यंत.

१७ एप्रिल
अहवाल लिहायला घेतला. नमूद करण्यासारखी बाब: सातही सील शाबूत. चौकशीला येतील त्यांना हे दाखवायला हवं. चिंध्यांच्या डब्याला झाकण नव्हतं, ही त्या विभागाची चूक. तसं लिहिलं. भाषा चांगली साधली. सुताराला वाचून दाखवलं. तो उठून गेला.

बायको इस्पितळातच आहे. फोन उचलत नाही. तिथे रेंज नसेल.

१८ एप्रिल
फोन लागतो. उचलत नाही.

तारा कापल्या. सातही. एकेका सिलिंडरला नऊ-दहा सेकंद लागले. मी मोजत होतो. कशाला मोजलं, कळत नाही.

२० एप्रिल, दुपार
इस्पितळ. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, मिटतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मी पॉलिशचं विचारलं. डॉक्टरांनी विचारलं, कसलं पॉलिश?

मला बघून बायको उठून बाहेर गेली. धाकटा उताणा, दोन्ही हात उशांवर, पट्ट्यांत. अहवाल पिशवीत होता. काढला नाही. म्हटलं, तारा काढून टाकल्या. तो म्हणाला, बरं केलंत.

मग म्हणाला, भाऊजी, जरा नाक खाजवता?

खाजवलं. अजून वर, म्हणाला. वर खाजवलं.