साहेबांपुरत्या पणत्या

१० मार्च, मंगळ
मरोळ ऑफिस, मीटिंग. विषय तोच: आमच्या लॅबची रिपोर्टची साइट हळू. करंदीकर साहेबांनी स्वतःचा फोन वर धरला. "बघा, माझ्याकडे तर पटकन उघडते." उघडेलच. फोन महागातला, आणि खुर्ची वायफायच्या डब्याखाली. मी घरचा जुना फोन पुढे केला, मोबाइल डेटावर. रक्ताचा लाल थेंब गोल गोल फिरत राहिला. 'थांबा, पान येतंय' सांगणारा हा थेंबच पानावरची सगळ्यात जड वस्तू आहे, हे वर्षभर सांगतेय. खाली चेअरमनचा स्वागताचा व्हिडिओ. त्याखाली दिवाळीच्या पणत्या, अजून. पाडवा आला, आता तरी काढा म्हटलं. ठरलं असं: पणत्या राहतील, शेजारी गुढी उभारू.
वरून हुकूम: स्पीड तपासणाऱ्या टूलने शंभरात एकतीस दिलेत, शुक्रवारपर्यंत नव्वद हवेत. साइट वेगवान करा असं कोणी म्हणालं नाही. मार्क हवेत.

११ मार्च, बुध
गोराईहून थोरल्या बहिणीचा, सुमाताईचा फोन. मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला आमच्याच लॅबला दिलाय. माझ्याच सांगण्यावरून. 'रिपोर्ट तयार' मेसेज आला, पण तिच्याकडे रेंज खिडकीच्या एका कोपऱ्यात. थेंब फिरतो, पान येतं, तोवर ओटीपी मेलेला. नवा मागवायचा, परत थेंब. सेंटरवाले म्हणतात, ऑनलाइनच बघा.
म्हटलं, ओटीपी मला सांग, इथून उघडते.
"नको. तू आधी बघणार, मग फोनवर गोड बोलणार. तुझा आवाज मला कळतो. माझं मी उघडीन."
मग बोटीने ये, बोरिवलीला माझ्याकडे उघड.
"तुझ्यासमोर? त्याहून नको."
शाळेचा रिझल्टसुद्धा गच्चीवर जाऊन एकटीच बघायची. तेव्हाही हट्टी, आताही...

१३ मार्च, शुक्र
सत्त्याण्णव मार्क. समोसे. साहेबांची थाप निनादच्या पाठीवर. निनाद टीम लीड, डोकं चांगलं, वापर शंकास्पद.
"काय काढलंस रे?"
"काहीच नाही, मॅडम. टूल आलं की ओळखतो, त्याला वेगळं साधं पान देतो. पब्लिकला नेहमीचंच."
म्हणजे इन्स्पेक्शनपुरता जिना पुसायचा. चिडायचं होतं. आधी ते पान बघितलं. नंबरचा चौकोन, ओटीपीचा चौकोन, रिपोर्टचं बटण. थेंब नाही, चेअरमन नाही. जुन्या फोनवरही बोट उचलायच्या आत हजर. वर्षभर हेच पान मागतेय मी. बनवलं शेवटी, आणि दिलं कोणाला, तर ज्याला मान नाही, गाठ नाही, कसली घाई नाही त्याला.

१४ मार्च, शनि
कॅन्टीनमध्ये निनादला कोपऱ्यात घेतलं. "उलटं कर. साधं पान सगळ्यांना. जड पान फक्त ऑफिसच्या वायफायवर. साहेबांना त्यांच्या पणत्या."
"मॅडम, वाट लागेल."
"फसवणारच आहेस ना, मग आजारी माणसाला कशाला फसवतोस?"
त्याने चमचाभर साखर आणखी घातली चहात. "पाडव्याला साहेब घरून उघडतील तेव्हा?"
"तेव्हा मी आहे."
नसेनही. दुपारी त्याने बदल साइटवर चढवला.

१६ मार्च, सोम
साहेब खूश. स्वतःच्या खुर्चीवरून गुढी बघितली. काठी जरा उंच करा म्हणाले. करू. पाडव्याला मुलुंडला सासरच्यांना दाखवणार आहेत म्हणे. निनादने माझ्याकडे बघितलं, मी गुढीकडे.
संध्याकाळी ताई.
"उघडलं गं."
"काय लिहिलंय?"
"रिपोर्ट नाही, पान. ओटीपी टाकला आणि लगेच बटण आलं. मी चहा टाकून बसले होते, थेंब फिरेल तेवढ्यात होईल म्हणून."
"मग दाब ना."
"दाबते." मग म्हणाली, "एवढं पटकन कशाला केलंस?"

"चहा उतू जाईल, ठेवते," म्हणाली.
त्यानंतर फोन नाही. मीही केला नाही. फोन समोर ठेवून बसलेय. स्क्रीनवर थेंबसुद्धा फिरत नाही.