घोरपडीच्या बिळासमोरचे रविवार

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि आज हे लिहायला बसलेय. साठ-एकसष्टचा सुमार. जयनगरच्या पलीकडे तेव्हा नुसता माळ आणि खडक. दर रविवारी सकाळी तुम्ही गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे, मी मागे. तुमच्या अंगात तोच मातकट सदरा. आई तो धुवायला मागायची, तुम्ही द्यायचा नाहीत. साबणाच्या वासाने घोरपड बिळाबाहेर येत नाही, हे तुमचं शास्त्र. पाच महिन्यांनी ती आपल्याला सरावली. जीभ लवलवत खडकावर येऊन ऊन खात पडायची. कचेरीत मान खाली घालून वावरणारे तुम्ही तिच्यासमोर कसे ऐटीत बसायचात. 'जागा कुणाला सांगू नकोस,' एवढंच बजावलं होतंत.

आईचे गुडघे त्या वर्षी असे धरले की चुलीपुढून उठायला तिला भिंत लागायची. दारावर औषधं विकणारा आला. म्हणाला, "अक्का, उडाचं तेल लावा. पण हल्ली उडा मिळतोय कुठे?" उडा म्हणजे कानडीत घोरपड, हे मला ठाऊक होतं. मी चौदा वर्षांची. कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागे पळत गेले आणि खडक सांगून आले. आईला चालताना पाहायचं होतं, बाकी डोक्यात काहीच नव्हतं.

आठवड्याने त्या माणसाकडून तेलाची बाटली आली. संध्याकाळी तुम्ही स्वतः आईच्या गुडघ्यांना तेल चोळताय. "वास उग्र आहे, पण गुण येईल, सरी?" असं कानडी वळणाने 'ठीक ना?' विचारताय. मी मोरीत जाऊन दार लावून घेतेय. आणि गुण आला, अण्णा. आई देवळापर्यंत चालत जाऊ लागली, मरेपर्यंत त्या तेलाचं कौतुक करत राहिली.

रविवारी बीळ रिकामं. कात टाकत असेल, तुम्ही म्हणालात. पुढच्या रविवारी, अंडी घालायला गेली असेल. माझ्यावर एकदाही संशय घेतला नाहीत. घेतला असतात, एक थोबाडीत दिली असतीत, तर मी सुटले असते.

हे पत्र तुमच्या तसबिरीपुढे ठेवायचाही धीर नाही, ट्रंकेच्या तळाशी जाईल. पावसाळ्यापर्यंत आपण तिथे जात राहिलो. तुम्ही कंटाळून उठायला लागलात की मीच म्हणायची, "अण्णा, स्वल्प थांबूया, येईल." तुम्ही पुन्हा बसायचात. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं. पण सांगितलं असतं तर आपलं जाणं थांबलं असतं, आणि मला तुमच्याशेजारी बसायला आवडत होतं.