आवाजाची रेघ

८ जून
शीतल धुळ्याहून आली. कॉलेजात शिकवते, सुट्टी लागलीय. पोरीनं बॅगेतून पत्त्याच्या कॅटाएवढी हिरवी पाटी काढली, वायरीनं फोनला लावली. म्हणे, "माय, बोल." म्हटलं, काय बोलू, गिरणीत गिऱ्हाईक उभं आहे. तर फोनवर रेघ थडथडली. मी गप्प, रेघ सपाट. परत बोलले, परत उठली. माझ्या तोंडचे शब्द, डोंगरासारखे. पन्नास वर्षं बोलतेय, कधी दिसले नव्हते. गिऱ्हाईकाला म्हटलं, थांब जरा.

९ जून
पाटीला ती खिशातली प्रयोगशाळा म्हणते. उजेड, वीज, आवाज, बठ्ठं मोजते. शाळेतल्या पोरांसाठी. पण पाटी मुकी, दाखवायचं काम फोनमधल्या अ‍ॅपचं. ते अ‍ॅप शीतल बनवते. एकटी नाही, कुठल्या कुठल्या देशांतले लोक. एकमेकांना पाहिलेलं नाही. आतलं सगळं लिखाण उघडं, कोणीही वाचा, दुरुस्ती सुचवा. पगार? नाही. मालक? नाही.
म्हटलं, मग तुम्ही खुळे.
"व्हय माय, बठ्ठा खुळा शेतस." हसतेय वर.
भाकऱ्या थापताना तेच डोक्यात. मालक नाही आणि चालतंय. इथं गल्लीतल्या नळाला दहा मालक.

१० जून
मला कामाला लावलं. माझा फोन जुना, स्वस्तातला. तसा त्यांच्यात कोणाकडे नाही, पण शाळेच्या पोरांच्या घरी असाच असतो. म्हणून मी टेस्टर.
आवाजाची नवी स्क्रीन शीतलनं स्वतः केलीय. पट्टी सरकवली की फोन शिटी मारतो. खाली जाड, वर बारीक. कुठं बिघडतं ते मी सांगायचं. मग बाकीचे लोक ती स्क्रीन अ‍ॅपमध्ये घेणार.

१५ जून
शीतल गेली. दुपारी गिरणी बंद ठेवून तपासलं. शिटी बारीक, अजून बारीक, मग गप्प. पट्टी बरीच बाकी. फोन लावला.
"अर्धवट शे तुनं अ‍ॅप."
"नीट ऐक ना माय."
"ऐकलं म्हणूनच सांगतेय."

२२ जून
दुरुस्त करून पाठवलं, तिथंच गप्प. पुन्हा पाठवलं, तेच. तिकडच्यांच्या फोनवर वाजतं म्हणे. एकानं लिहिलं, तपासणाऱ्याचीच चूक असेल. शीतलनं उत्तर ठोकलं: तपासणारी माझी आई आहे, ती कानावर गिरणी चालवते.
खरंच आहे. दगड झिजून गुळगुळीत झाला की आवाज बदलतो. मला कळतं, नानाला बोलावते, तो छिन्नीनं टाकी लावून दगड खरबरीत करून देतो. पीठ हातात घ्यावं लागत नाही.
शेजारची सुमनअक्का ज्वारी दळून घेऊन गेली ती उलटपावली आली. "पीठ जाडं उनं, अक्का." म्हटलं, भाकरी थापता येत नसेल तर तसं सांग. गिरणीला नावं ठेवू नको.

६ जुलै
शीतलचा फोन. नवीन अ‍ॅप बाहेर काढायचं होतं, ते थांबवलंय. माझ्यामुळे. स्वस्त फोनवाल्या पोरांना अर्धाच आवाज देणं बरोबर नाही, असं ठरलं. जर्मनीची कोणी बाई आहे, तीच जास्त अडून बसली.
दोनदा विचारलं, खरं का. खरं.
इथं बँकेत पासबुक भरायला गेलं की उद्या या म्हणतात. आणि समुद्रापलीकडचे लोक थांबलेत, कारण अमळनेरच्या गिरणीवालीनं सांगितलं वाजत नाही. दिवसभर हाताला काम लागेना. गिऱ्हाईकाला म्हशीच्या भरड्याऐवजी पीठ दिलं.

२ ऑगस्ट
उद्या घराघरांत कानबाई देवी बसणार. गल्लीचं नैवेद्याच्या रोटांचं दळण आलं. गिरणी धुतली, पुसली, आधी कानबाईचे गहू, मग बाकीचं. हे गेल्यापासून दरवर्षी मीच करते.
सुमनअक्कानं चिमटीत पीठ घेतलं. सगळ्या बायांपुढं म्हणाली, "अक्का, हाऊ रवा शे का पीठ?"
दुसरीनं चोळून पाहिलं. तिसरीनं. कोणी भांडलं असतं तर बरं होतं. "राहू द्या, चाळी लेऊ," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या गिरणीतलं कानबाईचं पीठ चाळावं लागलं.
मी हात घातला. जाडंच.
पण दगडाचा आवाज तर नेहमीचा होता. होता ना?

१० ऑगस्ट
एसटीनं धुळ्याला. शीतलच्या खोलीवर पोचल्या पोचल्या फोन काढला. म्हटलं, डोळ्यांनी बघ, कुठं गप्प होतं ते. पट्टी वर नेली. झालं गप्प.
शीतलनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "माय, बंद कर, कान फाटी राहिना!"
म्हटलं, नाटकं करू नको. अजून वर नेली. तिचं तोंड वाकडं झालं. मग एकदम माझ्याकडं बघत राहिली.
तिनं हिरवी पाटी स्वतःच्या फोनला लावली, माझ्या फोनशेजारी ठेवली. रेघ उठली. बारीक, दाट, फणीच्या दातांसारखी. माझा फोन वाजत होता. दोन महिने वाजतच होता.
मी बंद केलं, रेघ सपाट. चालू केलं, उठली. बंद. चालू. खोलीत शांतता आणि रेघ नुसती उभी नाचतेय.
भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी नुसती बघतच राहिले. केवढं काय चालू असतं आपल्या शेजारी.
शीतल रडायला लागली. तिला रागावले. चहा टाक म्हटलं.

११ ऑगस्ट
कानाच्या डॉक्टरकडं नेलं. काचेच्या पेटीत बसवून शिट्या ऐकवल्या. बारीक आवाज गेलेत, परत येत नाहीत. गिरणीत उभं राहायचं तर कानात बोळे घाला, नाहीतर उरलेलंही जाईल. ऐकायचं मशीनही सांगितलं. म्हटलं, बोळे घातले तर दगड कसा ऐकू?
म्हणजे टाकी लावलेल्या दगडाची ती वरची बारीक सर्र असते ना, तीच हळूहळू माझ्या कानातून गेली, म्हणून आवाज नेहमीचाच वाटला. गुळगुळीत दगडावर मी किती दिवस दळतेय कोण जाणे. सुमनअक्काला काय काय बोलले.
शीतल म्हणे, "तिकडं लिहिते, चूक माझी, मी नीट पाहिलं नाही." म्हटलं, खोटं कशाला? लिही, अ‍ॅप चांगलं आहे, माझ्या मायचा कान गेलाय.

१७ ऑगस्ट
वाटलं होतं, हसतील. एवढे दिवस थांबवलं लोकांना. शीतलनं फोनवर वाचून दाखवलं. तिकडच्यांनी शीतलची स्क्रीन अ‍ॅपमध्ये घेतली. एकानं लिहिलं, आमच्यात सगळे ऐकणारेच होते, आवाज चालू आहे हे डोळ्यांनाही दिसलं पाहिजे हे कोणाला सुचलंच नाही. आता शिटी वाजताना स्क्रीनवर रेघही हलणार. सगळ्या फोनवर, सगळ्या देशांत. आणि विचारलंय, आई पुढं तपासतील का.
जर्मनीच्या बाईला गिरणीचा आवाज ऐकायचा होता. शीतलच्या फोनमध्ये भरलेला होता, पाठवला. तिनं घरात लावून ऐकला म्हणे. माझी गिरणी जर्मनीत वाजली. मी विचारलं, तिला सर्र ऐकू आली का?


२१ ऑगस्ट
नानानं दगड उघडला. आत हात फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं. "अक्का, आरसा करी ठेवा तू." टाकी लावून गेला. पैसे घेताना आवाज चढवून बोलला. कानाचं कळलं असेल गल्लीत.
धुळ्याहून निघताना शीतलनं पाटी माझ्याजवळ दिलीय. टाकीच्या आधी गिरणीची रेघ पाहिली होती, नंतर परत पाहिली. वेगळी दिसते. वर केसासारखं काहीतरी उभं राहिलंय. तीच सर्र का? शीतल फोनवर म्हणे, "माय, घाईनं काही ठरवू नको. रोज बघ, रोज पीठ चोळ, मग कळेल." मला रोज रोज करायचा कंटाळा, तिला माहीत आहे.

२४ ऑगस्ट
सकाळी सुमनअक्काच्या दारात गेले. म्हटलं, कान गेलाय माझा, पीठ तुझं जाडंच होतं. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं." मग म्हटलं, तर आधी का नाही सांगितलं? म्हणे, "सांगं व्हतं ना! तुले ऐकू कोठे येस?" दोघी हसलो. मी जरा जास्तच.
ज्वारी दिली तिनं. डबा भरून, वर झाकणावर थाप मारून.
आता कानात बोळे. गिरणी सुरू केलीय, पायाखाली थरथर लागतेय तेवढीच. पाटी लावून फोन भिंतीला टेकवलाय. रेघ हलतेय. चांगल्या दगडाची आहे की नाही, अजून ओळखता येत नाही. पीठ पडायला लागलंय, त्याला हात लावलेला नाही. आधी रेघ बघते, मग पीठ चोळते.
सुमनअक्का दारात येऊन उभी आहे. काहीतरी बोलतेय.