हनुवटीवरचा ठिपका

नगर,
८ जानेवारी १९७३

ती. सौ. मावशीस,
मनकर्णाचा सा. न. वि. वि.

गोरक्षदादाला मुलगी झाल्याचे वाचले आणि वसतिगृहात सगळ्यांना गूळ वाटला. असल्या दुष्काळात बाळंतिणीला काय खाऊ घालतेस? वहिनीला दूध पुरते का, ते कळव. तू आजी झालीस, मी आत्या झाले, आता तुम्ही सगळ्यांनी मला मान द्यायचा.

अध्यापक विद्यालयात इतिहासाच्या सरांनी मला पाठ घेण्यासाठी विषय दिला आहे: देशोदेशीचे नटणे-मुरडणे. मी नाक मुरडले होते. म्हटले, राजे-लढाया सोडून हे काय काजळ-पावडर! पण वाचायला घेतले आणि मावशी, मी थक्कच झाले. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, हजारो वर्षांपूर्वी बायाच काय, बाप्येसुद्धा डोळ्यांत काजळ घालीत. मेलेल्या माणसाजवळ धान्यासारखीच काजळाची डबीही पुरीत, पुढच्या वाटेला लागेल म्हणून! विलायतेत सरदारांच्या बायका गोऱ्या दिसायला तोंडाला शिशाचा सफेदा फासीत. त्याने कातडी सडे. सडलेले झाकायला पुन्हा सफेदा. आणि जपानात लग्न झालेल्या बायका लोखंड आंबवलेल्या पाण्याने दात काळेभोर करीत. तेच तिकडे देखणे! चेहरा एवढासा, पण जगभरच्या माणसांनी त्याच्यावर किती जीव टाकलाय!

आता दुसरे. तू आणलेले सावेडीचे स्थळ. मुलाच्या आई येऊन मला बघून गेल्या. मुलगी पसंत आहे म्हणाल्या, फक्त हे गोंदण तेवढे काढून टाका, मुलगा कचेरीत आहे, चार लोकांत बरे दिसत नाही. खरे सांगू, मला राग नाही आला. इथल्या मुलीही मला 'ठिपकेवाली' म्हणतात. इथे एक कंपाउंडर आहे, तो औषध लावून गोंदण जाळतो. येत्या रविवारी आधी हनुवटीवरचा ठिपका काढणार आहे. ते बरे झाले की कपाळावरचा. तू नको म्हणणार नाहीस, ठाऊक आहे. स्थळ तूच तर शोधलेस.

आशीर्वाद आहेतच, ते पाठवत राहावे.
तुझी,
मनकर्णा

•

कोरडगाव, ता. पाथर्डी,
१३ जानेवारी १९७३

चि. मनकर्णास,
मावशीचे अनेक आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल, आणि आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

बाळी खुशाल आहे. वहिनीला मेथी-अळीव मिळेल तेवढं देते. दूध भरपूर आहे, विहिरीला नसलं तरी तिला आहे.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. बाया दुष्काळी कामावरून खडी फोडून येत होत्या, तशाच टोपली टेकून बसल्या. दातांपाशी आले तशा आपल्या शेजारच्या आक्काबाई ओरडल्या की आगं, ही तर आपलीच रीत हाय! खरंच गं मनकर्णा, माझ्या आजेसासूबाई हिराकस आणि हिरड्याचं दातवण लावून दात काळे करायच्या. पांढरे दात कुत्र्याचे असतात म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे दात बघून त्यांना फार वाईट वाटलं होतं. आता ती जपानची बाई कुठं आणि कोरडगावची म्हातारी कुठं! मधी सगळा समुद्र. कुणी कुणाला सांगितलं असेल गं? मी रात्रभर तोच विचार करत होते, तुझे काका म्हणाले, झोप आता, तुझे दात आहेत तेवढे राहू दे.

खडीवर बाया जातात ना, दुपारी सुकडी खाऊन झाली की धूळ पुसतात आणि आरसा काढून पुन्हा कुंकू लावतात. मुकादम हसतो. मीही हसायचे. तुझं वाचल्यापासून हसू येत नाही.

आता गोंदणाचं. सावेडीचं स्थळ चांगलं आहे, ते जावं असं मला वाटत नाही. कपाळ तुझं आहे, जबरदस्ती करणार नाही. पण तुला एक गोष्ट ठाऊक नाही. कधी विषयच निघाला नाही, म्हणून राहून गेली. तुला गोंदलं तेव्हा तू तीन वर्षांची. एवढ्या लहान लेकराला कुणी गोंदत नाही. लंकाबाई गोंदणारीण तयार होईना. पण माझ्या बहिणीनं, तुझ्या आईनं हट्टच धरला. छातीचं दुखणं होतं, आपण राहत नाही हे तिला कळून चुकलं होतं. ती लंकाबाईला म्हणाली की माज्याकडं सोनंनाणं न्हाई, लेकीला एवढं तरी देऊन जाऊ दे, मेल्यावर बी गोंदनच संगं जातं. गोंदायची काजळी नुसती नसते पोरी. दिव्याची काजळी दुधात खलावी लागते, बाईच्या दुधात. तू अजून अंगावर पीत होतीस. तुझ्या आईनं स्वतःचं दूध काढून दिलं. तुझ्या कपाळात आणि हनुवटीत आहे ते तिचं दूध आहे. पुढच्या महिन्यात ती गेली.

एवढंच. आता तू ठरव. त्या मिसरच्या बायका गोंदत होत्या का, सरांना विचार बरं.

लोभ आहेच, तो कमी होणारा नाही.
तुझी,
गोजरमावशी

•

नगर,
२१ जानेवारी १९७३

ती. सौ. मावशीस,
मनकर्णाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मंगळवारी आले. रविवार होऊन गेला होता.

हनुवटीवरचा ठिपका गेला. खपली धरली आहे. तुझे पत्र वाचून मी हनुवटीला हात लावून किती रडले, सांगता येत नाही. ज्या मुली चिडवीत, त्यांनीच मला धरून बसवले. कंपाउंडरला निरोप धाडला, आता येणार नाही म्हणून.

सरांना विचारले. ते दुसऱ्या दिवशी एक जाड पुस्तक घेऊन आले. त्यात मिसरच्या एका बाईच्या देहाचे चित्र होते. ती मेली त्याला चार हजार वर्षे होत आली. मावशी, तिच्या पोटावर ठिपके आहेत, ओळीने, निळसर काळे, लंकाबाईने काल गोंदल्यासारखे! तिची भाषा कुणी बोलत नाही, तिचे देव कुणी पुजत नाही. ठिपके आहेत. आईने सांगितले ते खरे निघाले, आणि आईने तर शाळाही पाहिली नव्हती.

माझा पाठ काल झाला. काजळ, सफेदा, तुझ्या आजेसासूबाईंचे दात, सगळे सांगितले. मिसरच्या बाईचे ठिपके फळ्यावर काढले. मग खडू ठेवला आणि माझ्या कपाळावर बोट ठेवून मी म्हटले की हेही बघा. सगळा वर्ग बघायला उठून जवळ आला. सरही.

सावेडीला मी स्वतः जाऊन आले. कपाळावरचे गोंदण निघणार नाही, असे त्या बाईंना सांगितले. कारणही सांगितले. मुलाला विचारून कळवते म्हणाल्या. अजून काही आले नाही. तू शोधलेले स्थळ गेले तर माझ्यावर रागावू नकोस.

मढीच्या जत्रेला लंकाबाई येईलच, तिला थांबवून ठेव. मी रजा काढून येते. हनुवटी पुन्हा गोंदायची आहे. दिवा लावून काजळी माझी मी धरीन. दुधासाठी वहिनीला विचार. बाळीच्या वाटणीतले थेंबभर देशील का म्हणावे, आत्या मागते आहे. बाळी मोठी झाली की मीच तिला सांगेन.

विहिरी आटल्या तेवढे पुरे, तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझीच,
मनकर्णा