दुसरा चमचा

कॅब्रामॅटा,
९ मार्च २००३

प्रिय दिएप मावशी,

तू पाठवलेली सुकी कोळंबी पोचली. आई म्हणाली, "पर्थला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हिला कोळंबी निवडता येत नाही." आणि लगेच त्यातली मूठभर भिजत घातली.

आई अजून गॅरेजमध्ये कॉलर शिवते. माझा पदवीदानाचा फोटो तिने मशीनच्या वर लावलाय, माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलते.

शेजारी बाळ आलंय. ते रडलं की त्याची आई ओशाळते, आणि आपली आई कुंपणावरून ओरडते, "रडू दे गं त्याला! चांगलं मोठ्यानं रडू दे!" मलाही लहानपणी तुम्ही दोघींनी कधी गप्प केलं नाही. का, ते तू मला गेल्या नववर्षाला, टेटच्या सणाला सांगितलंस. होडीतून देश सोडून पळताना पहारेकऱ्यांना रडणं ऐकू जाऊ नये म्हणून आईने तान्ह्या खांगदादाला झोपेच्या औषधाचा एक चमचा दिला. तो पुन्हा चुळबुळला तेव्हा तू दुसरा दिलास. तो उठलाच नाही. तू पंधरा वर्षांची होतीस. "ताईला सांगू नकोस," म्हणाली होतीस.

मावशी, मी त्यावर कविता लिहिली. इंग्रजीत, म्हणजे आईला कळणार नाही. एका मासिकाला ती छापायचीय, एवढंच मी आईला सांगितलं होतं.

काल दादाचं श्राद्ध होतं. त्याच्यापुढे पेजेची वाटी मांडली. उदबत्ती संपेपर्यंत जेवायचं नसतं, म्हणून आई म्हणाली, "तोवर तुझी ती कविता आपल्या भाषेत सांग."

मी सांगितली. दुसरा चमचा गाळला.

"त्याच्यासमोर खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. "चमचे दोन होते. मी जागी होते. दिएपचा हात धरता आला असता, धरला नाही. होडीत त्रेचाळीस माणसं होती, थुई."

"मग मावशीला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तिला कळलं असतं ना, की मी पाहिलं."

चोवीस वर्षं तुम्ही एकमेकींना असं सांभाळलंत. विद्यापीठात एवढं मोठं मी काही शिकले नाही.

आईची अट आहे: दोन्ही चमचे लिही, माझे उघडे डोळेही लिही, पण आधी दिएपला विचार. तू नको म्हणालीस तर मी कविता फाडीन. मात्र उत्तर पत्राने देऊ नकोस. इथे ये.

तुम्ही दोघींनी पोटभर रडू दिलेली,
थुई